कासवांचं माहेर राखताना

देवळात गेलं की गाभाऱ्यासमोर, सभामंडपात एक दगडी कासव असतं. आपण वाकून त्याला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि मग देवाकडे पाहतो. लहानपणापासूनची ही सवय. पण आमच्या कोकणात हिवाळ्याच्या रात्री खरीखुरी कासवं समुद्रातून बाहेर येतात, पुळणीवर अंडी घालतात आणि उजाडायच्या आत निघूनही जातात, हे आमच्यापैकी कितीतरी जणांना बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, ते सकाळी माग काढत जात आणि अंडी काढून आणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आज मला या कासवांबद्दल आणि त्याहूनही जास्त त्यांच्या किनाऱ्याबद्दल बोलायचं आहे. कारण कासव वाचवायचं म्हणजे त्याला पकडू नका, अंडी खाऊ नका, एवढंच पुरेसं नसतं. त्याला अंडी घालायला जागा लागते. आणि ती जागा आज आपल्याला सगळ्यांनाच हवी आहे. रस्त्याला हवी आहे, बंधाऱ्याला हवी आहे, हॉटेलला हवी आहे.

आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. पाठ ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट राखाडी, म्हणून हे नाव. वजन साधारण पस्तीस ते पंचेचाळीस किलो. कोकणात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी किनाऱ्यावर येते. भरतीचं पाणी पोहोचणार नाही अशी कोरडी जागा शोधते. मागच्या पायांनी दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा करते, वरून अरुंद आणि आत रुंद, एखाद्या सुरईसारखा. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग अंग डावी-उजवीकडे आपटून ती वाळू दाबून टाकते. हा सगळा उद्योग तासाभराचा. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसतं. कळा सोसवत नाहीत म्हणून ती रडते, असं आमची आजी सांगायची. खरं तर समुद्राच्या पाण्यातून पोटात गेलेलं जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते. ते पाणी एरवीही वाहत असतं, वाळूवर आल्यावर आपल्याला दिसतं एवढंच.

अंडी घातल्यावर ती मागे वळून पाहत नाही. पुढचं काम वाळू करते. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस वाळूच्या उबेवर अंडी पोसली जातात. आणि इथं एक मोठी गंमत आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे ती ऊब ठरवते. वाळूचं तापमान 29-30 अंशांच्या आसपास असेल तर नर-माद्या साधारण सारख्या निघतात. वाळू त्याहून गार असेल तर नर जास्त आणि गरम असेल तर माद्या जास्त. फारच तापली तर अंडी आतच मरतात.

पिल्लं रात्री किंवा पहाटे वर येतात आणि उजेडाकडे धावतात. हजारो वर्षं किनाऱ्यावरचा उजेड म्हणजे समुद्रावरचा उजेड. चांदण्यांचा प्रकाश पाण्यावर पडतो, क्षितिज खाली आणि फिकट दिसतं, तर जमिनीकडची वाळूची टेकाडं आणि झाडं उंच नि काळी दिसतात. काळोखाकडे पाठ आणि उजेडाकडे तोंड, एवढं एकच सूत्र घेऊन ती जन्माला येतात. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं, असं म्हणतात. जी माद्या होऊन जगतात, त्या दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला बहुधा आपण जन्मलो त्याच परिसरात परत येतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणेवर त्या वाट शोधतात, असं शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते, तसंच हे. फक्त लेक येते तेव्हा माहेरचं घर जागेवर असतं. कासवाच्या मादीला त्याची खात्री राहिलेली नाही.

म्हणजे तिला किनाऱ्याकडून काय हवं असतं? भरतीरेषेच्या वर कोरडी वाळू, खणता येईल इतकी भुसभुशीत. ठरावीक ऊब. रात्रीचा काळोख. आणि पाण्यापासून तिथपर्यंत मोकळी वाट. या चार गोष्टी लक्षात ठेवल्या, तर किनाऱ्यावरच्या कुठल्या कामानं काय बिघडतं ते आपलं आपल्याला कळतं.

सुरुवात माझ्याच गावापासून करतो. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या मुखाशी. समुद्राला लागून पुळण, तिच्यावर वाळूचं टेकाड, टेकाडावर मर्यादवेल आणि केवड्याची बनं, आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. मर्यादवेल आपण पाहिली असेल. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी. समुद्रानं हिच्यापुढं यायचं नाही, ही त्याची मर्यादा, म्हणून मर्यादवेल, असं आम्हाला सांगितलं जायचं. पण त्या टेकाडाची वाळू घरं बांधायला हळूहळू नेली गेली. केवडा तोडला गेला. मग एका पावसाळ्यात उधाणाचं पाणी माझ्या चुलतभावाच्या वाडीत शिरलं आणि पंधरा-वीस माड आडवे झाले.

गावानं अर्ज केला, धूपप्रतिबंधक बंधारा द्या. त्या अर्जावर माझीही सही आहे. बंधारा झाला. मोठमोठ्या काळ्या दगडांची रांग. पेढे वाटले आम्ही. वाडी वाचली, हे खरंच आहे. पण चार-पाच वर्षांत बंधाऱ्यापुढची पुळण गेली. आता भरतीला पाणी थेट दगडांवर येतं. आणि बंधारा जिथं संपतो तिथून पुढच्या वाडीची धूप वाढली. तिथले लोक आता बंधारा मागत आहेत. आमच्या गावात पूर्वी कासवाची दोन-चार घरटी सापडायची. बंधाऱ्याच्या पट्ट्यात त्यानंतर एकही सापडलं नाही. सापडणार कसं? मादी पाण्यातून येते, दगडाला धडकते आणि परत जाते.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपली पुळण स्थिर नसते. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या आत, समुद्रात नेऊन ठेवतात. पाऊस सरला की छोट्या, मऊ लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. टेकाडातली वाळू ही या व्यवहारातली शिल्लक. मोठं उधाण आलं की समुद्र त्या शिलकीतून उचल करतो. उतरत्या वाळूवर लाट पसरते, वाळूत जिरते, तिचा जोर संपतो. दगडाच्या भिंतीवर मात्र ती आपटते आणि उलटी फिरते, आणि फिरताना भिंतीच्या पायाची वाळू घेऊन जाते. मागची शिल्लक भिंतीआड बंद झालेली असते, त्यामुळे भरपाई होत नाही. म्हणजे भिंत मागची जमीन राखते, पुढची पुळण राखत नाही. आम्हाला दोन्ही एकच वाटत होतं.

मग बंधारा मागणारा माणूस चुकला का? मी तसं म्हणणार नाही. ज्याची पोफळ पडते, त्याला कासवाचं सांगणं सोपं नाही. पण टेकाड आणि केवडा राखला असता, तर बहुधा त्या अर्जाची वेळ इतक्या लवकर आली नसती. वाडी आणि कासव, दोघांचा राखणदार एकच होता. तो आम्ही ट्रकात भरून घालवला.

भिंतीइतकीच मोठी अडचण उजेडाची. किनाऱ्यालगत रस्ता आला की दिवे येतात, हॉटेल आलं की बागेत, गच्चीवर, झाडांना दिवे लागतात. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे पिल्लं सर्वांत जास्त ओढली जातात, आणि आताचे एलईडी दिवे बहुतेक तसेच असतात. पिल्लू समुद्राकडे पाठ फिरवून दिव्याकडे चालू लागतं. रात्रभर फिरतं, थकतं, कुत्र्याच्या किंवा कावळ्याच्या तोंडी लागतं, नाहीतर सकाळच्या उन्हात वाळून जातं. मादीही उजळलेला किनारा टाळते. वर आलेली मादी दिवे, माणसं, मोबाइलचे टॉर्च पाहून अंडी न घालताच फिरते.

गोव्यातल्या मोरजीचं उदाहरण पाहा. शापोरा नदीच्या मुखाशी असलेला हा किनारा कासवांसाठी प्रसिद्ध. गावकरी आणि वनखातं यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं घरटी राखली. दक्षिणेला आगोंद आणि गालजीबाग इथंही असंच काम उभं राहिलं. 2011च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांच्या विणीची ठिकाणं म्हणून नावानिशी उल्लेख आहे. पण खरा पेच वेगळाच आहे. कासवांचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एकच. नोव्हेंबर ते मार्च. ज्या महिन्यांत मादीला काळोख नि शांतता हवी, त्याच महिन्यांत शॅक उभे राहतात, खाटा मांडल्या जातात, संगीत वाजतं. कुंपण घालून थोडी जागा राखता येते, पण उजेड आणि आवाज कुंपणाला जुमानत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली तर कदाचित आश्चर्य वाटेल. सुरूची झाडं. वारा अडावा, धूप थांबावी म्हणून आपल्या किनाऱ्यांवर सुरूची बनं लावली गेली. हेतू चांगलाच होता, सावलीही छान पडते. पण ही झाडं पार भरतीरेषेपर्यंत लावली, तर मुळांच्या जाळ्यामुळे मादीला खड्डा खणता येत नाही, सुयांसारख्या पानांचा थर साचतो, सावलीनं वाळूची ऊबही बदलते. आणि मर्यादवेलीसारख्या, वाळू धरून ठेवणाऱ्या इथल्या वेलींना जागा राहत नाही. झाड लावणं नेहमीच पुण्याचं असतं असं आपण धरून चालतो. कुठं लावतो तेही पाहायला हवं.

आता राखणीची बाजू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ वेळास हे गाव आहे. पेशवाईतल्या नाना फडणविसांचं गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची पाहणी करत किनाऱ्यानं हिंडत होते. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. घरटं लुटलेलं होतं. तिथून काम सुरू झालं. गावकऱ्यांशी बोलणं झालं, पहाटे किनाऱ्यावर गस्त घालणारे ‘कासवमित्र’ नेमले गेले, सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणातल्या उबवणी केंद्रात तशाच खड्ड्यांत ठेवायला सुरुवात झाली. काही वर्षांतच कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईचे लोक पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येऊ लागले. त्यांची राहण्या-जेवण्याची सोय हॉटेलात नव्हे, गावातल्या घरांत. उकडीचे मोदक, सोलकढी, अंगणातला बिछाना. त्यातले पैसे थेट घरातल्या बाईच्या हातात येऊ लागले. अंडी खाण्यापेक्षा पिल्लू समुद्रात सोडणं गावाला फायद्याचं झालं. हे काम पुढं वनखात्याच्या साथीनं आंजर्ले, गुहागर अशा अनेक गावांत पसरलं. मासेमाऱ्यांसाठीही एक चांगली सोय झाली. जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडलं, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यानं 2018च्या अखेरीस आणली.

पण राखणीचेही काही धोके असतात, आणि ते प्रेमानं सांगायला हवेत. अंडी हलवायची तर ती पहिल्या काही तासांत, न उलटता हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. सगळी अंडी एकाच उघड्या कुंपणात ठेवली, तर सगळ्यांना एकच ऊब मिळते आणि नर-माद्यांचं प्रमाण बिघडू शकतं. हवा तापते आहे, तसं हे जास्त जपायला हवं. पिल्लांच्या अंगात मोजकीच शिदोरी असते. तेवढ्यात त्यांना लाटा ओलांडून खोल पाणी गाठायचं असतं. पाहुण्यांची गाडी उशिरा येणार म्हणून पिल्लं टोपलीत थांबवून ठेवली, तर ती शिदोरी टोपलीतच संपते. म्हणून जिथं कुत्रे, कोल्हे, चोर आणि लाटा यांचा धोका नाही, तिथं घरटं जागच्या जागी राखावं, वर जाळी ठेवावी, असं अभ्यासक सांगतात. उबवणी केंद्र ही अडचणीच्या वेळची सोय आहे.

आणि महोत्सव यशस्वी झाला की गर्दी होते. गर्दी आली की पार्किंग, पक्का रस्ता, समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या खोल्या आणि दिवे. कासव पाहायला आलेल्या माणसांमुळेच कासवाचा किनारा उजळून निघाला, असं होऊ शकतं. माझ्या पुतण्यानं गेल्या काही वर्षांत घरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. त्यानं समुद्राकडच्या पडवीत मोठा दिवा लावला. मी म्हटलं, “अरे, हंगामात तो घालव.” तो म्हणाला, “काका, पाहुणे काळोखात पाय घसरून पडले तर?” त्याचंही खरं. शेवटी आम्ही खालच्या बाजूला, वरून झाकलेला पिवळा दिवा लावला. पायाखाली दिसतं, पुळणीवर उजेड जात नाही. खर्च फार आला नाही. हे आधी का सुचलं नाही, एवढंच वाटलं.

मोठ्या प्रमाणावरही हेच करावं लागतं. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या या किनाऱ्यांवर लाखो रिडले माद्या एकाच वेळी येतात. 2025च्या फेब्रुवारीत ऋषिकुल्याला सुमारे सात लाख माद्यांची नोंद झाली. गहिरमाथ्याला मात्र काही वर्षी अशी सामुदायिक वीण झालीच नाही. तिथली पुळण धुपून तिचे तुकडे झाले आहेत. त्या किनाऱ्यापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर धामरा बंदर 2011 साली सुरू झालं. त्यापूर्वी बरीच वर्षं वाद झाला. त्यातून निदान एक गोष्ट पुढं आली. बंदराचे दिवे कसे असावेत, त्यांचं तोंड कुठं असावं, हाही बंदराच्या आराखड्याचा भाग असतो, हे मान्य झालं.

कायद्याचं काय? समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यासाठी 1991 साली पहिली किनारा नियमन अधिसूचना आली. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर तिनं बंधनं घातली. 2019च्या नव्या अधिसूचनेत दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामास मनाई असलेला पट्टा 200 वरून 50 मीटरवर आला. कासवांच्या विणीच्या जागा तिच्यातही सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. पण त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर कासव येतं, याची नोंद नकाशावर असावी लागते. जिथं कुणी पहाटे फिरलंच नाही, तिथली घरटी नकाशावर येणार कुठून? कासवमित्राच्या वहीत लिहिलेली तारीख आणि जागा म्हणूनच मोलाची आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम आता पुढं सरकतं आहे. रस्ता हवाच. आजारी माणसाला वेळेत दवाखान्यात न्यायला तो लागतो. पण पुळणीजवळून जाताना तो दोनशे पावलं आत घ्यायचा का, दिवे कुठं लावायचे, हे विचारायची वेळ काम सुरू होण्याआधीची असते. ग्रामसभेत ते विचारता येतं.

जाता जाता एक गोष्ट. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीला क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. 2025च्या जानेवारीत तीच मादी आपल्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं समजलं जात होतं. त्याआधी 2023 साली गुहागरला उपग्रह यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ नावाची मादीही श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. म्हणजे या दोन किनाऱ्यांचं नातं आपण समजत होतो त्याहून जवळचं आहे. एकीकडची पुळण गेली, तर तिला दुसरीकडची लागेल.

त्या बातमीनंतर मी आमच्या गावी गेलो होतो. पहाटे बंधाऱ्याच्या कडेकडेनं चालत टोकापर्यंत गेलो. बंधारा संपतो तिथून पुढं तीनशे-चारशे पावलांची पुळण अजून शिल्लक आहे, वर थोडी मर्यादवेलही आहे. त्या पट्ट्यावर बंधारा पुढं न्यावा, असा अर्ज गावात फिरतो आहे. या खेपेला सही करण्याआधी आम्ही सगळे एकत्र बसणार आहोत. तिथल्या वाडीवाल्यांनाही बोलावलं आहे. केवडा पुन्हा लावता येईल का, वाळू नेणं थांबवता येईल का, आणि ते पुरलं नाही तर काय, असं सगळं बोलायचं ठरलं आहे. निर्णय काय होईल ते मला आज सांगता येणार नाही. पण तुमच्या गावाला पुळण असेल, तर या हिवाळ्यात एकदा पहाटे उठून तिच्यावरून चालून या. ट्रॅक्टरच्या चाकासारखा एखादा माग पाण्यातून वर येऊन परत गेलेला दिसला, तर त्याला हात लावू नका. वनखात्याला कळवा, आणि तारीख लिहून ठेवा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)